गाण्यात नसलेली अंगठी

माझं काम भोंग्यांचं. स्पीकर फाटला, घरघरायला लागला, नाहीतर पार मुका झाला, की माणसं माझ्याकडे आणून टाकतात. मी फाटका कागद सोलून काढतो, कॉइल बघतो, नवा कोन चिकटवतो आणि वाळला की वाजवून बघतो. शाळा म्हणाल तर चौथीपर्यंत, त्यातही तिसरी दोनदा. सगळा बाजार मला भोंगेमामा म्हणतो. सख्खी भाची एक नाही, पण मामा म्हणणारे पायलीचे पन्नास.

तर, वाजवून बघायचं म्हणजे गाणं लागतं. आणि त्यात एक गोम आहे. ओळखीचं गाणं लावून स्पीकर तपासता येत नाही. आपला कानच लबाड. जे वाजलंच नाही तेसुद्धा तो आतल्या आत भरून घेतो आणि आपण म्हणतो, वा, झकास! त्याला कधी न ऐकलेलं गाणं पाहिजे. मग घरघर ही घरघरच ऐकू येते. म्हणून मी नवीन गाणी गोळा करायला लागलो. मोठ्या कंपन्यांची नव्हेत. माणसांनी घरी बसून, फोनवर, आपली आपण केलेली.

तुम्हाला वाटेल अशी कितीशी असणार. अहो, विचारायला लागलो तर गल्लीबोळात निघाली. दातांच्या डॉक्टरकडचा कंपाउंडर गाणी करतो. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई करतात, नवऱ्याला चिमटे काढणारी, आणि नवरा पेटी वाजवतो. माणसं पेन ड्राइव्ह आणून द्यायला लागली. दर रविवारी संध्याकाळी मी दुकानासमोर दोन स्पीकर मांडायचो, हातात माइक घ्यायचो आणि ती वाजवायचो. बाजाराला आलेली माणसं थांबायची. गाणं संपलं की विचारायची, मामा, कुणाचं हे? का केलं?

मग मी गोष्ट सांगायचो. आणि गोष्ट सांगताना मला हात आखडता घेता येत नाही, हा माझा रोग. आमची घरची म्हणते, "तुमच्याकडे कुणी राई ठेवायला दिली, तर तुम्ही पर्वत परत करता." मी म्हणायचो, अगं, लोकांचं काही घेत तर नाही ना? वर देतोच!

समोरच्या चष्मेवाल्याला भलता उत्साह. तो फोनवर माझं सगळं बोलणं टिपायचा आणि जगाला पाठवायचा. चांगली हजारभर माणसं बघतात मामा, म्हणायचा. मला गुदगुल्या व्हायच्या, खोटं कशाला बोलू.

अशात एक मुलगी आली. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. शर्टांच्या कारखान्यात काज करायच्या मशीनवर बसते, म्हणजे बटण घालायला जी भोकं असतात ती पाडते. दिवसाला दोन-अडीच हजार. मी तिला काजवालीच म्हणायला लागलो. पेन ड्राइव्ह गाठोड्यातून काढावा तसा तिनं रुमालातून काढला.

"मामा, वाईट असेल तर तोंडावर सांगा. पण वाजवून सांगा."

वाजवलं. सुरुवातीला नुसतं टक-टक-टक-टरर्. ते तिचं मशीन! मशीनचाच ताल धरलेला. गाणं कारखान्याच्या कोठीत कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये बसून रेकॉर्ड केलं होतं. आणि मग आवाज, अगदी कानाशी बोलल्यासारखा:

"कडी नाही लावली रे, दार नुसतं लोटलंय,
चपला हातात घे, आईचा आत्ताच डोळा लागलाय."

एवढंच पुन्हा पुन्हा, फिरवून फिरवून. मी हातातला ब्रश तसाच धरून बसलो, डिंक वाळून गेला.

"कुणासाठी गं?"

"भाऊ. घर सोडून गेला. चार वर्षं झाली."

"का?"

"माहीत नाही. आता फोन करायला लागलाय आईला. येतो म्हणालाय, पुढच्या महिन्यात." मग एकदम हसली. "आईनं पडदे धुऊन काढलेत. दोनदा."

एवढंच ती बोलली. ह्याच्यावर एक अक्षर नाही, हे मी आज शपथेवर सांगतो.

रविवारी मी ते गाणं लावलं. ती नव्हती, तिला जादा पाळी होती. गाणं संपलं तेव्हा भाजी तोलणारीसुद्धा तराजू धरून थांबलेली. मी सांगितलं, असा असा भाऊ, घर सोडून गेला. चष्मेवाला फोन धरून म्हणाला, "पण का गेला, मामा?"

आता माहीत नाही म्हणायला माझं काय जात होतं? पण सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि रिकाम्या हातानं पळालेला पोरगा गोष्टीत उभा राहीना. गरिबाघरचा पोरगा नेणार तरी काय? मी म्हणालो, "आईच्या बोटातली अंगठी घेऊन गेला. माउलीनं हात धुवायला काढली होती, मोरीच्या खिडकीत, साबणाजवळ ठेवली होती. परत बघते तर साबण आहे, अंगठी नाही आणि लेकही नाही. आणि बघा तिचं काळीज, तरी ती दाराला कडी लावत नाही!"

बायकांनी डोळ्याला पदर लावले. मी मनात म्हणालो, जमली.

चष्मेवाल्याचे हजार त्या वेळेला लाखावर गेले. त्यानं वर नाव दिलं होतं, 'अंगठीचोर भाऊ'.

दहा दिवसांनी काजवाली आली. जेवणाच्या सुट्टीत, धावत. अंगावर दोऱ्यांचे तुकडे तसेच.

"मामा, मी तुम्हाला अंगठीचं कधी सांगितलं?"

"नाही सांगितलंस. ते मी आपलं..."

"आपलं काय?"

"जरा घातलं गं. गोष्टीला."

ती स्टुलावर बसली. मी पाणी दिलं, ते घेतलं नाही.

"आमची अंगठी खरंच गेली होती," ती म्हणाली. "आईच्या आईची. माझ्या हातून गेली. भांडी घासता घासता मोरीत वाहून गेली. मला कळलंसुद्धा नाही कधी गेली ते. आईनं मला लाटण्यानं मारलं होतं, एवढी मोठी असताना. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही! शपथ घेतो. मी ठोकून दिली."

"तुम्ही ठोकून दिलीत आणि त्याला वाटलं आम्ही सांगितलं. त्याचा फोन बंद आहे, मामा. आठ दिवस. शेजारीण आईला विचारून गेली, काय हो, तुमच्या मुलानं म्हणे... आई तिच्या अंगावर धावून गेली. माझा मुलगा सोन्यासारखा आहे म्हणून दारात उभी राहून ओरडते. चूक माझी, नाव त्याचं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "गाणं मी त्याला बोलवायला केलं होतं. तुम्ही हाकलायला वापरलंत."

कान धरायला दोन हात होते, ते धरले. ती म्हणाली, "त्याचा काय उपयोग," आणि कारखान्याचा भोंगा वाजला म्हणून तिकडे पळाली.

मी चष्मेवाल्याकडे गेलो. काढ ते, आत्ताच्या आत्ता. त्यानं काढलं. म्हणाला, "पण मामा, आता ते माझ्याकडे नाही, सगळ्यांकडे आहे."

दुसऱ्या दिवशी मी दुकानाला कुलूप लावलं. पोरगा कुठं काम करतो ते काजवालीनं सांगितलं होतं, गावाबाहेर शीतगृह आहे तिथं. ती दोनदा गेली होती, तो गेटवर आलाच नाही. घरची म्हणाली, "जाताय ते ठीक. तिथं जाऊन कमी बोला." म्हटलं, बरं.

बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि गेटातून माणसं येत होती कानटोपी, हातमोजे, गुडघ्यापर्यंत जाड कोट घालून. जेवणाची सुट्टी झालेली. कुणीतरी हाक मारली, "ए अंगठी, डबा आणलास का?" आणि एक पोरगा वळला. बहिणीचंच नाक. भुवयांवर बर्फाचा भुगा.

मला बघून तो थबकला. "तुम्ही भोंगेमामा ना?"

"हो रे बाबा."

"या," म्हणाला. शिवी देईल, गचांडी धरेल, सगळ्याची तयारी करून आलो होतो मी. त्यानं मला भिंतीच्या सावलीत नेलं, रिकामा क्रेट उलटा करून बसायला दिला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "ताईला सांगा, तिचं बरोबर आहे. मीच नेली."

मी क्रेट जरा त्याच्याकडे सरकवला.

"फक्त एवढं विचारा तिला, कळलं कधी? मी फोन करत होतो तेव्हा आईला माहीत होतं का? माहीत असून ती 'जेवलास का, जेवलास का' करत होती?"

"अरे," म्हणालो, "तुला काय वाटतं, मला त्यांनी सांगितलं?"

"मग कोण? खिडकीतच होती, मामा. साबणाजवळच."

आयुष्यभर मी माणसांच्या गोष्टींना मीठमसाला लावला, पण माझा मसाला असा जिवंत उठून समोर कधी उभा राहिला नव्हता. "मला कुणीही सांगितलं नाही," मी म्हणालो. "मी थाप मारली. मनानं. ताई तर म्हणते तिच्याच हातून मोरीत गेली."

तो माझ्याकडे बघतच राहिला. भुवयांवरच्या बर्फाचं पाणी होऊन गालावर आलं. मग हसला, पण कसलं ते हसणं.

"अजून तेच म्हणते?"

"अजून तेच."

"मोरीचा पाइप मी उघडला होता, मामा. पाना घेऊन. आई म्हणाली, भांडी घासताना हिचा हात लागून पडली, बघ रे अडकली असेल. ताई बाजूला रडत उभी. मी अर्धा तास पाइपात हात घालून शोधत होतो आणि अंगठी माझ्या खिशात. तिसऱ्या दिवशी निघालो. म्हटलं, इथं राहिलो तर मरेन."

"कशाला नेलीस?"

"निघायचंच होतं. दुसरं होतं काय घरात?"

आतून कुणीतरी शिट्टी मारली, सुट्टी संपत आली होती. त्यानं माझा हात धरला. एवढ्या उन्हात गारेगार हात.

"म्हणजे त्यांना माहीत नाही! मामा, तुम्ही रविवारी सांगा ना सगळ्यांना, अंगठीचं खोटं होतं म्हणून. मी येतो मग. खरंच येतो."

आता बघा गंमत. हेच सांगायला मी घरून निघालो होतो. खोटं बोललो, चुकलो, संपलं. आणि आता तेच सांगायचं म्हणजे खोटं बोलणं झालं! मी म्हणालो, "खोटं होतं असं मी म्हणणार नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं, मी माझ्या मनाचं घातलं, एवढंच म्हणेन. ते खरं आहे."

"तेवढं पुरे."

"आणि ताईचं काय?"

त्यानं कानटोपी घातली. "आधी येऊ तर द्या मला," म्हणाला आणि आत गेला.

घरी जाऊन मी बायकोला सगळं सांगितलं, ह्या वेळी बरोब्बर तेवढंच. ती भाकरी थापायची थांबली. म्हणाली, "त्या पोरीला सांगणार?" मी म्हणालो, सांगितलं तर तो येणार नाही. "आणि नाही सांगितलं तर?" आणि पुन्हा भाकरी थापायला लागली.

रविवारी आधी कधी नव्हती एवढी गर्दी. काजवाली आईला घेऊन आलेली. आई म्हणजे काडीसारखी बाई, पण नजर अशी की मीच आधी खाली बघितलं. शेजारीणही होती, लांब उभी, आपण सहज आलो असं दाखवत. मी माइक घेतला. पहिल्यांदाच माझा आवाज घरघरत होता, स्पीकर नव्हे.

"मागं एका रविवारी मी एका गाण्याची गोष्ट सांगितली. त्यात अंगठी होती. ती मला कुणी सांगितली नव्हती. ना बहिणीनं, ना आईनं. मी माझ्या मनाचं घातलं. त्या घराची मी हात जोडून माफी मागतो."

बस्स. माइक खाली. गर्दीत कुजबुज झाली, जरा निराशच झाली माणसं. चष्मेवाल्यानं तर फोनच खिशात टाकला.

पण आईचं तोंड असं उजळलं! ती शेजारणीकडे वळली. "ऐकलंस? आता आहे का काही?" आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशी हसून म्हणाली, "अंगठी कुठं चोरीला जाते! ही आमची बाईसाहेब, हिनं घातली मोरीत. अजून हिला भांडं नीट धरता येत नाही!"

सगळे हसले. काजवालीही हसली, मान खाली घालून, पायाच्या अंगठ्यानं माती उकरत.

आणि मला रस्त्यापलीकडे तो दिसला. हातात पिशवी, नवीन शर्ट. त्यानं ते ऐकलं होतं, आईचंही आणि हसणंही. माझ्याकडे बघत होता. मी मनात म्हणत होतो, बोल. आता बोल, एवढी माणसं हसली ना तिला, आता बोल. माइक माझ्या मांडीवर चालूच होता. एका वाक्याचं काम होतं, त्याचं नाहीतर माझं.

तो रस्ता ओलांडून आला. आईनं बघितलं. नुसती त्याच्या दंडावर बुक्की मारत राहिली, बुक्की मारत राहिली. तो म्हणाला, "आई, आलो." दुसरं काही नाही. माणसांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी ओरडलं, मामा, ते दाराचं गाणं लावा! आणि मी लावलं. काय करू? लावलं. तिघं माझ्या समोरून घरी गेली, मधे आई, दोघांचे हात धरून.

ती दहाएक दिवसांनी आली. जेवणाच्या सुट्टीतच. मी एक मोठा स्पीकर उपडा करून बसलो होतो.

"कसं आहे घरी?"

"छान. आई मागं लागून लागून त्याला खाऊ घालते." स्टुलावर बसली नाही. "मामा, तुम्ही त्याला भेटायला गेला होतात. काय म्हणाला तो?"

"काय म्हणणार? येतो म्हणाला."

"अंगठीचं काही?"

आता नाही म्हणायला एक अक्षर लागतं. दोन म्हणा. आणि मी, ज्यानं भर बाजारात उभं राहून आख्खी मोरी, खिडकी आणि साबण उभा केला, त्या माझ्या तोंडातून ते निघेना. मी कॉइल बघायला लागलो.

"त्यालाच विचार," म्हणालो शेवटी.

तिनं अंगावरचा एक दोरा ओढून काढला.

"तो मला भांडी घासू देत नाही," ती म्हणाली. "आल्यापासून. मी हात घातला की उठून येतो, तू राहू दे ताई म्हणतो. मला वाटलं, परक्या घरी राहून शहाणा झाला." मग थेट माझ्याकडे बघितलं. "नुसतं नाही म्हणाला असतात, तरी मी मानलं असतं, मामा."

मी उठलो. पायात चपला सरकवल्या. "चल. मी येतो आईकडे. मी सांगतो तिला, तुझा काही दोष नव्हता..."

"बसा."

"अगं, पण तुला लाटण्यानं..."

"बसा म्हणते ना! आई रात्री नीट झोपते आता. चार वर्षांनी. तुम्ही एकदा सांगून बघितलंत ना? झालं की."

मी बसलो. तिनं हात पुढं केला. "माझं गाणं द्या. आणि तुमच्याकडे आणखी कुठं असेल तिथलंही काढा, माझ्यासमोर."

"गाण्यानं काय केलंय पोरी? गाणं चांगलं आहे. लोक विचारतात रोज."

"काय विचारतात?"

मी डिंकाच्या डब्याचं झाकण लावलं.

"तेच ना? अंगठीवालं गाणं लावा म्हणतात. त्यात अंगठी नाहीये, मामा. एक शब्द नाहीये. पण आता ते लागलं की लोकांना अंगठीच ऐकू येते." तिनं हात तसाच पुढं धरला होता. "आणि आता मलाही."

मी पेन ड्राइव्ह तिच्या हातावर ठेवला. जुन्या कॉम्प्युटरवर होतं, ते काढलं. फोनवर होतं, ते काढताना फोननं विचारलं, नक्की काढायचं का? मी तिच्याकडे बघितलं. तिनं वाकून स्वतःच्या बोटानं दाबलं.

"नवीन काही केलंस तर आणशील?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण तोंड कुठं ऐकतं.

"सुट्टी संपली," ती म्हणाली आणि कारखान्याच्या दिशेनं निघाली. ह्या वेळी धावत नव्हती. अजून रविवार येतात, गर्दीही असते. मी गाणं लावतो, करणाऱ्याला शेजारी उभं करतो आणि माइक त्याच्या हातात देतो. माणसं म्हणतात, मामा, पूर्वीसारखी मजा नाही येत. नसेल येत. ती अजून आलेली नाही.